मोवाडचा पूर मुलताईहून येतो

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदी मोवाड गावात शिरली आणि २०४ माणसं गेली. मोवाड नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर, नरखेड तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. नगर परिषद १८६७ सालची, पण वस्ती आजही दहा हजारांच्या आत. एवढ्याशा गावातून एका पुरात २०४ जण जातात तेव्हा गावात सुतक न पाळणारं घर शोधावं लागतं. तरीही विदर्भाबाहेर मोवाडचं नाव काढलं, तर ऐकणाऱ्याला काही आठवत नाही. पुढे दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि महाराष्ट्राच्या आठवणीत आपत्ती म्हटलं की किल्लारी, असंच ठरून गेलं. मोवाड मागे पडलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्या पुरातून शिकण्यासारखं जे होतं, ते सगळं अजून शिकून झालेलं नाही.

हा पूर समजून घ्यायचा तर मोवाडहून उत्तरेला, बैतूल जिल्ह्यात जावं लागतं. सातपुड्याच्या पठारावरच्या मुलताईतून तापी निघते आणि पश्चिमेला जाते. त्याच तालुक्यात उगम पावलेली वर्धा मात्र दक्षिणेला वळते, मध्य प्रदेशात तीसेक किलोमीटर वाहते आणि महाराष्ट्रात येते. तिथून पुढे ती नागपूर आणि अमरावती या दोन जिल्ह्यांची हद्द होते. मोवाड या काठावर, वरुड पलीकडे. पठारावरून उतरलेली नदी सपाटीला लागते त्याच टप्प्यात मोवाड आहे. उगम जवळ असल्यामुळे वरच्या पाण्याला इथे पोचायला दिवस लागत नाहीत, तासच लागतात. गावात भुरभुर चालू असताना वर मुसळधार होऊन गेलेली असू शकते.

जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भ-मध्य प्रदेशाकडे सरकतात. आपला बराचसा पाऊस त्यांच्यामुळेच. असा पट्टा सातपुड्यावर रेंगाळला की एकाच खोऱ्यात रात्रभर पाऊस कोसळतो. जुलैअखेरीस काळी माती आधीच तुडुंब प्यायलेली असते आणि तिच्याखाली बसाल्टचा खडक. नवं पाणी जिरायला जागा नसते. ते नाल्यांत उतरतं आणि सगळे नाले एकाच वेळी नदीला मिळतात.

त्या काळी आपल्याकडच्या गावांत मातीची घरं सर्रास असत. पुरात अशी भिंत आधी वाहून जात नाही. पायथ्याशी पाणी साचतं, हातभर उंचीपर्यंत माती फुगते, मऊ होते आणि वरचं वजन घेऊन भिंत जागच्या जागी बसते. तिच्यावर टेकलेली लाकडं, कवेलू, माळ्यावरचं धान्य, सगळं आतल्या माणसांवर येतं. म्हणून जीव वाचवायला माळ्यावर चढणं अशा घरात धोक्याचं. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी घर सोडणं हाच मार्ग, आणि त्यासाठी खबर आधी यायला हवी. १९९१ मध्ये खेड्यापाड्यांत फोन मोजके होते. रात्री वरचा पाऊस खाली कळवायची धड सोय नव्हती.

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे, पण ते मोवाडच्या खालच्या अंगाला. वरून येणारा लोंढा ते मोवाडसाठी अडवू शकत नाही. हे नकाशावर एकदा पाहिलं की लक्षात राहतं.

याच खोऱ्यात पाण्यावाचूनही माणसं हैराण होतात. नरखेड, काटोल, वरुड, मोर्शी हा संत्र्याचा पट्टा. वर्षानुवर्षं बोअर खोल खोल गेल्या आणि वरुडसारख्या तालुक्यात भूजलाचा अतिउपसा झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात कित्येक बगीचे उभ्याउभ्या वाळले. गारांचा फटका वेगळाच. त्याआधी २०१४ मध्ये, फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं. संत्र्याच्या आंबिया बहाराची फुलं-फळं नेमकी तेव्हा झाडावर असतात. गार लागलेलं संत्रं लगेच पडतंच असं नाही. सालीवर डाग उठतो, तिथून बुरशी आत शिरते आणि काही दिवसांनी फळ गळतं. पंचनामा लवकर उरकला, तर हे नुकसान कागदावर येतच नाही.

किल्लारीनंतर महाराष्ट्रात आपत्ती व्यवस्थापनाची घडी बसू लागली. २००५ मध्ये कायदा झाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणं आली. नागपुरात हवामान खात्याचं डॉप्लर रडार बसलं. महसूल मंडळांत ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. हे काम मोठं आहे. पण साधनं असली की माणसं वाचतात, असं समीकरण नाही. रडार शहरातच असताना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी घरात आलं. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा वाद मग उच्च न्यायालयात गेला.

मोवाडची अडचण वेगळी आहे. महावेधची केंद्रं महाराष्ट्राची आहेत, ती सीमेपाशी थांबतात. मोवाडला बुडवणारा पाऊस पडतो तो बैतूल जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात. मुलताईला रात्री किती पाऊस झाला, हा आकडा नरखेडच्या तहसील कार्यालयात आणि तिथून मोवाडच्या मोबाइलवर त्याच तासात यायला हवा. दोन राज्यांच्या दोन तहसिलींमधला हा व्यवहार आहे. त्याला नवं धरण लागत नाही.

पुरानंतर मोवाडचं पुनर्वसन झालं. दरवर्षी ३० जुलैला गाव एकत्र येऊन गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतं. पण पुढचा पूर कुठवर येऊ शकतो, हेही गावाला माहीत हवं. जलसंपदा विभाग नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई आहे. वर्धेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत या रेषा कुठून जातात, हे ग्रामपंचायतीच्या आणि नगर परिषदेच्या भिंतीवर रंगवून ठेवावं, शाळेतल्या पोरांनाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.