चढावर बंद पडणारी मोटारसायकल : आधी दात मोजा, मग सायलेन्सरचे बोला

पावसाळा सुरू झाला की घाटकोपर-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, साकीनाक्याला आणि अंधेरी-बोरिवलीच्या गल्ल्यांतून आमच्या गॅरेजवाल्या बांधवांकडे एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागते. त्याची गाडी उंच असते, पुढचे चाक मोठे असते आणि शनिवार-रविवारी ती माळशेज-भंडारदऱ्याकडच्या कच्च्या वाटांवर जायची असते. हिरोची इम्पल्स 2011 मध्ये आली, रॉयल एनफिल्डची हिमालयन 2016 मध्ये, आणि 2019 मध्ये एक्सपल्स 200. तेव्हापासून हा धंदा वाढला आहे. तक्रार मात्र ठरलेली : "उस्ताद, रस्त्यावर गाडी पळते, पण दगडांत हळू घेतली की फट्‌कन बंद पडते. खालच्या रेसला दमच नाही."

पुष्कळ ठिकाणी यावर उत्तर एकच मिळते. मोकळा सायलेन्सर लावा, एअर फिल्टर बदला. गिऱ्हाईक हजारो रुपये मोजतो, गाडी मोठ्याने ओरडते आणि पुढच्या रविवारी त्याच चढावर पुन्हा बंद पडते. मग तो दुसऱ्या गॅरेजचा रस्ता धरतो. हे टाळता येते, आणि तेही थोड्या खर्चात, असे आम्हांस वाटते.

प्रथम दम म्हणजे काय ते पाहू. 411 सीसीच्या हिमालयनची जास्तीत जास्त पिळण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, 32 न्यूटन-मीटर होती आणि ती 4000 ते 4500 फेऱ्यांच्या आसपास मिळत असे. एक्सपल्सची ताकद सुमारे 17 न्यूटन-मीटर, आणि तीही 6500 फेऱ्यांना. दगडांतून माणसाच्या चालीने जाताना इंजिन दोन-अडीच हजारांवर असते. म्हणजे लहान इंजिनाची ताकद जिथे आहे तिथे गाडी पोहोचतच नाही. मोकळा सायलेन्सर ही ताकद आणखी वरच्या फेऱ्यांकडे ढकलतो, कारण रुंद नळीत खालच्या रेसला धुराचा वेग मंदावतो आणि सिलिंडर नीट रिकामा होत नाही. शिवाय मिश्रण पातळ होते ते वेगळेच. कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. दंड गिऱ्हाइकाला होतो आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.

खरा उपाय चेन-सॉकेटमध्ये आहे. समजा पुढच्या सॉकेटला 13 दात आहेत आणि मागच्याला 39. प्रमाण झाले 3. पुढे 12 दातांचे बसविले तर प्रमाण 3.25 होते, म्हणजे चाकाला आठ टक्क्यांहून थोडी जास्त ताकद मिळते आणि त्याच चालीला इंजिन तेवढेच वर फिरते. पुढचा एक दात कमी करणे म्हणजे मागचे तीन दात वाढविण्यासारखे आहे. पुढचे सॉकेट स्वस्त, काम अर्ध्या तासाचे. याची किंमतही गिऱ्हाइकाला आधीच सांगावी : हायवेवर त्याच वेगाला इंजिन आठ टक्के जास्त फिरेल, पेट्रोल थोडे जास्त जाईल, आणि लहान सॉकेटवर चेन जास्त वाकत असल्याने लवकर झिजेल. नाशिकपर्यंत ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला हे पटेलच असे नाही. ज्याची गाडी बहुतेक शहरातच फिरते त्याला आम्ही दात बदलू नका असेच म्हणू. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीकडे विचारणा करावी.

पण दात बदलण्याआधी गाडी बंद का पडते हे शोधले पाहिजे, कारण दम कमी असणे आणि गाडी बंद पडणे ही दोन दुखणी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पहिला संशय पायलट जेटवर घ्यावा. त्याचे भोक केसाएवढे असते आणि हळू रेसचे सगळे पेट्रोल तिथूनच येते. अलीकडे यात एक नवी भर पडली आहे, ती इथेनॉलची. 2025 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले. शुद्ध पेट्रोलला एका भागास हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर तेवढीच हवा आली तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. गाडी गरम झाल्यावर खालच्या रेसला खोकते आणि बंद पडते. अशा गाडीला एका मापाने मोठा पायलट जेट आणि एअर स्क्रूची नव्याने सेटिंग पुरते. इथेनॉल दमट हवेतले पाणीही ओढून घेते. मुंबईच्या पावसात महिनाभर उभी राहिलेली गाडी आली तर आधी कार्बोरेटरची वाटी रिकामी करून पाहावी.

ओढा ओलांडताना गाडी बंद पडते आणि बाहेर आल्यावर चालू होते, हा प्रकार अनेकांना कोड्यात पाडतो. कार्बोरेटरच्या वाटीला हवेची एक बारीक नळी खाली सोडलेली असते. तिचे तोंड पाण्यात बुडाले की वाटीत हवा जात नाही आणि पेट्रोल वर चढत नाही. त्या नळीला टी जोडून एक फाटा सीटखाली वर नेला की काम झाले. खर्च जवळजवळ नाहीच.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर नव्या गाड्या इंजेक्शनच्या झाल्या. तिथे जेट नाही, पण दुखणी आहेत. थ्रॉटल बॉडीत काजळी बसते आणि आयडलिंग डगमगते. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल शिरला, किंवा खड्ड्यात स्टँड क्षणभर खाली झुलले, तर इंजिन कटते आणि मिस्त्री मात्र इंजेक्टर उघडून बसतो. हे पाच मिनिटांत तपासता येते. दगडांत गाडी आडवी पडली तर उलटण्याचा सेन्सर इंजिन बंद करतो. चावी बंद करून पुन्हा लावावी लागते, हे गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. नाहीतर रात्री जंगलातून फोन येतो.

दोन्ही प्रकारच्या गाड्यांत टॅपेट इंजिन थंड असताना कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने पाहावेत. गॅप घट्ट झाला की गरम इंजिन आयडलिंगला टिकत नाही. इनटेकचा रबर चिरला असेल तर तिथून फुकटची हवा जाते, हेही तपासावे. क्लचची केबल ढिली असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा सुटत नाहीत. पहिला गिअर टाकताच गाडी धक्का खाऊन बंद पडते आणि लोक त्याला दम नसणे म्हणतात. मॅग्नेट हलके करून आणणारे काही हौशी असतात, त्यांना परत पाठवावे. मॅग्नेटचे वजनच इंजिनाला पुढच्या फेरीपर्यंत ओढून नेते आणि चढावर तेच कामाला येते.

आयडलिंग पुस्तकात दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवावे. बहुतेक लहान गाड्यांत ते 1400 च्या आसपास असते. मग गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देऊन त्याला एखाद्या उतारावर उलट तोंडाने उभे करावे आणि अर्ध्या क्लचवर, दोन बोटे लिव्हरवर ठेवून चढवायला लावावे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण शहरातला चालक क्लच एकदम सोडतो.

शेवटी बिलावर किती दातांचे सॉकेट बसविले, कितीचा जेट घातला आणि टॅपेट किती मापाला ठेवले ते लिहून द्यावे. सहा महिन्यांनी चेन बदलायला तोच माणूस कुठेही गेला तरी त्या मिस्त्रीला लांबी मोजत बसावे लागणार नाही, आणि बिलावर नाव तुमचेच असेल.