प्रश्न विचारणारी मंडळी

झुरिक शहरात 21 जानेवारी 1525 रोजी फेलिक्स मान्झच्या आईच्या घरी जमलेल्या काही जणांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. तान्हेपणी त्यांचा बाप्तिस्मा झालेलाच होता. पण स्वतःचे नावही सांगता येत नाही त्या वयात दुसऱ्यांनी ठरवलेला विश्वास आपला कसा म्हणायचा, असा त्यांचा सवाल होता. तो सोडायला तयार नसलेल्या मान्झला दोनच वर्षांनी लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. 1536 मध्ये मेनो सायमन्स या धर्मगुरूने आपले पद सोडले आणि तो या लोकांना मिळाला. मेनोनाईट मंडळी त्याच्याच नावाने ओळखली जाते. झुरिकच्या त्या घटनेला 2025 मध्ये 500 वर्षे झाली.

सिंधुदुर्गातले बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडे बाळाचा बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो आणि तो घरातला आनंदाचा दिवस असतो. तरीही झुरिकचा प्रश्न या किनाऱ्याला परका नाही. इथल्या अनेक कॅथलिक घराण्यांची मुळे गोव्यात आहेत, आणि गोव्यावर 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अंमल होता. धाकाखाली माणूस तोंडाने हो म्हणतो. मनाने म्हणतोच असे नाही. मग मनापासूनचा होकार येतो कुठून? याचे उत्तर शोधताना मला मराठी ख्रिस्ती समाजाची 1883 ते 1924 ही चार दशके फार मोलाची वाटतात.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. बाप्तिस्म्याने शंका संपल्या नाहीत, उलट खरी विचारणा त्यानंतर सुरू झाली. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, बिशपांचा अधिकार यांवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. धर्मसभा सांगते एवढ्याच कारणाने एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. ही पत्रे 1977 मध्ये ग्रंथरूपाने आली. ती वाचताना जाणवते ते हे, की ही बाई येशूला सोडायला निघालेली नाही. तिला त्याच्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचे आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता आणि तो रमाबाईंनाच विचारला गेला. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. विधवांना आसरा आणि शिक्षण मिळेल, धर्माची सक्ती होणार नाही, असे ठरले होते. संस्था पुण्यात आल्यावर काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. आपण कुणाला बोलावत नाही आणि कुणासाठी दारही लावणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. आसऱ्याच्या आडून धर्मांतर होते, ही टीकाकारांची शंका मला आजही हलकी वाटत नाही. ज्याच्या ताटात आपण जेवतो त्याच्या देवाला नाही म्हणणे सोपे नसते.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून निराधार मुलींना केडगावला आणले आणि मुक्ती मिशन उभे राहिले. त्याच प्रांतात, नागपूरहून कारभार चालणाऱ्या मुलखात, 1899 मध्ये अमेरिकन मेनोनाईट धमतरीला पोहोचले. आल्या आल्या दुष्काळ दारात उभा ठाकला आणि त्यांचे काम अन्नछत्रांनी नि अनाथालयांनी सुरू झाले. कळत्या माणसाचा स्वतंत्र होकार हाच ज्यांचा पाया, त्यांच्यापुढे आता उपाशी, अनाथ मुले होती. अन्न द्यायचे यात वाद नव्हता. पण त्या मुलाने उद्या म्हटलेला होकार कितपत मोकळा, हे कोण ठरवणार?

टिळक दांपत्याने हा प्रश्न घरातच सोसला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे त्या पतीजवळ राहू लागल्या, तरी सोवळेओवळे लगेच सुटले नाही. जातीचा विटाळ देवाने केला की माणसाने, हे त्यांनी आपल्याशीच ताडून पाहिले आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. स्वतःचा काळ घेऊन दिलेला असा होकार मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठा वाटतो.

टिळकांचा प्रश्न आणखी पुढे गेला. तुकोबांच्या अभंगांतून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. मग परदेशी मिशनच्या पगारावर आणि परक्या वळणावर इथली मंडळी किती दिवस चालणार? 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्या आजही गातात.

रमाबाईंनी अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि तो अनुवाद 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या बाईला स्वतः वाचता यावे आणि स्वतः ठरवता यावे, ही त्यामागची तळमळ होती.

पुढे 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला आणि विश्वासात सक्तीला जागा नाही हे कॅथलिक धर्मसभेनेही अधिकृतपणे सांगितले. 2005 मध्ये सिंधुदुर्गाला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला. आता इथल्या मुलांना इन्क्विझिशनचा धाक नाही, ताटाची लाचारी नाही. पण देव दुःख का देतो, शेजारच्या घरातल्या भल्या हिंदू किंवा मुसलमान माणसाचे काय होणार, स्त्रीला वेदीवर धर्मगुरूची जागा का नाही, असे त्यांनी विचारले की आपण अजून कावरेबावरे होतो.

तसे होऊ नये. दृढीकरणाच्या तयारीत पाठांतराइतकाच वेळ या प्रश्नांना द्यावा, आणि उत्तर ठाऊक नसेल तर फादरांनी किंवा पाळकांनी तसे स्पष्ट सांगावे. रमाबाई, लक्ष्मीबाई आणि टिळक यांनी मराठी ख्रिस्ती समाजाला जे दिले, ते त्यांच्या शंकांतूनच आले. ज्या मंडळीत नाही म्हणता येते, तिथेच होकाराला किंमत असते.