उभ्या गाडीचा ताल

मोटारीचे इंजिन गरम झाल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे मारते. यालाच आयडलिंग म्हणतात. या वेळी टायरचा आणि वाऱ्याचा आवाज नसतो, त्यामुळे रस्त्यावर झाकले जाणारे आवाज इथे उघडे पडतात. शिवाय गरम इंजिनातल्या ऑइलचा दाब आयडलिंगलाच सर्वांत कमी असतो, म्हणून काही झिजलेले भाग सर्वांत आधी इथे कुरकुरतात.

आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्याचा ताल काय आहे, हे आधी ऐकावे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे ८०० फेऱ्यांना क्रँक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतो आणि कॅम त्याच्या निम्म्याने; एकाची दुगुण, दुसऱ्याची ठाय. निम्म्या लयीतली टिकटिक बहुधा वरच्या, व्हॉल्व्ह-टॅपेटच्या भागातली असते. रेस किंचित वाढवूनही ताल बदलला नाही, तर आवाज इंजिनाशी जोडून फिरणाऱ्या भागाचा नाही. तो विजेवरच्या पंख्याचा किंवा एखाद्या विद्युत व्हॉल्व्हचा असू शकतो. तालावरून मोहल्ला कळतो, घर नंतर शोधावे लागते.

काही आवाज मुळात दोष नसतातच. पेट्रोल इंजेक्टर बारीक टिकटिकतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात उच्च दाबाचा इंधनपंप चांगलाच खटखटतो. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेत इंधन एकदम पेट घेते, तिथली ठकठक त्या जातीचीच असते. इंजिन बंद केल्यावर सायलेन्सरच्या बाजूने येणारी टकटक म्हणजे निवणारे लोखंड.

किंचाळणारा किंवा चीं-चीं करणारा आवाज सहसा बाहेरच्या बेल्टचा असतो. धावत्या बेल्टच्या आतल्या, धारी असलेल्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला, तर बेल्ट सैल आहे. घुरघुर मात्र बेअरिंगची खूण. एसी लावताच ती आली तर संशय कॉम्प्रेसरवर. अल्टरनेटर, वॉटरपंप आणि टेन्शनर यांतला दोषी ओळखायला मेकॅनिक बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवतात: आवाज गेला, तर तो बेल्टवर फिरणाऱ्या भागांपैकीच एकाचा. मग बेल्ट परत चढवून लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकेका भागाच्या स्थिर कवचावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली, तर तो गरिबाचा स्टेथोस्कोप होतो. हे करताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी दूर ठेवावी. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत एक फुकटची चाचणी आहे. न्यूट्रलमधला घरघराट क्लच दाबताच थांबला, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहावे. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचे रिलीज बेअरिंग. पुष्कळ वेळा इंजिनाच्या नावावर खपणारा आवाज असा शेजाऱ्याचा निघतो.

सुस्कारा ऐकू येत असेल आणि आयडलिंग वरखाली होत असेल, तर बहुधा इनटेककडचा एखादा रबरी पाइप फुटलेला असतो. पेट्रोल इंजिनात आयडलिंगला तिथे पोकळी असल्याने न मोजलेली हवा आत ओढली जाते. ब्रेक दाबताच सुस्कारा बदलला, तर ब्रेक बूस्टर आणि त्याची नळी आधी तपासावी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले, तर थंड इंजिनात फट्-फट् येते आणि धातू तापून फुगला की कमी होते; फटीभोवती काजळी दिसते. फटीतून येणारा एक्झॉस्टचा वायू विषारी आहे, बंद गॅरेजमध्ये त्याचा शोध घेऊ नये. सगळ्यांत घाबरवणारा खडखडाट मात्र बऱ्याचदा सायलेन्सरवरच्या सुटलेल्या पत्र्याचा असतो आणि एका क्लॅम्पवर मिटतो. इंजिनाखालचे रबरी फाउंडेशन बसले असेल, तर आवाजाबरोबर स्टिअरिंगही थरथरते.

टॅपेटच्या टिकटिकीवर पहिला उपाय म्हणजे सपाट जागी, इंजिन बंद करून, काही मिनिटांनी डिपस्टिक पाहणे. ऑइल कमी किंवा जुने असेल, तर हायड्रॉलिक टॅपेट नीट भरत नाहीत. योग्य ग्रेडचे ऑइल आणि नवा फिल्टर एवढ्यावर बरेचदा काम होते. घट्ट ऑइल टाकून आवाज दाबणे हा इलाज नाही. पातळ ऑइलसाठी बनलेल्या इंजिनात ते थंड स्टार्टला वर पोहोचायला वेळ लावते. साध्या टॅपेटची फट फीलर गेजने, इंजिन गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत, थंड किंवा गरम असताना मोजतात. ती वाढली की आवाज येतो, आणि हे सुदैवच, कारण फट कमी होण्याला आवाज नसतो. मुंबई-पुण्यात मोठ्या संख्येने धावणाऱ्या सीएनजी गाड्यांत हा धोका अधिक. कोरड्या इंधनावर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट मिटत जाते. मग तो पूर्ण बंद होत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि कडा जळते. गाडी मिसिंग मारू लागेपर्यंत कानाला काहीच कळत नाही. अशा गाडीत आवाज नसला तरी टॅपेट तपासून घ्यावेत.

सकाळी स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद साखळी खडखडली, तर टायमिंग चेनचा टेन्शनर दाब धरत नसावा. हे लांबणीवर टाकू नये. चेन एखादा दात सोडून सरकली, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. थंडीतला बोथट ठोका इंजिन तापल्यावर गेला, तर तो सहसा पिस्टन स्लॅप असतो: ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये नीट बसला की थांबणारा. वर्षानुवर्षे तो तसाच चालतो.

खरा घातकी आवाज खालून येतो. बिग एंड बेअरिंगचा खोल, जड ठोका आयडलिंगला काही वेळा जेमतेम ऐकू येतो आणि रेस देताच वाढतो. मेकॅनिक एकेका सिलिंडरचा इंजेक्टर बंद करून पाहतो. ज्या सिलिंडरचा बंद करताच ठोका दबतो, त्याचा रॉड दोषी. मग इंजिन उतरवून क्रँक मोजणे, गरज पडल्यास ग्राइंडिंग करून अंडरसाइज बेअरिंग बसवणे, हाच मार्ग उरतो. हा ठोका आणि ऑइलचा लाल दिवा एकत्र दिसले, तर गाडी जागेवर बंद करावी आणि गॅरेजपर्यंत टो करूनच न्यावी.