खटका का पडतो?

नरकचतुर्दशीची पहाट. न्हाणीघरात गीझर, स्वयंपाकघरात विजेची शेगडी आणि किटली, माजघरात इस्त्री. आणि एकाएकी 'खट्' होऊन घर अंधारात बुडते. खटका वर करावा तर पुन्हा पडतो. मग 'खटकाच बिघडला' असा निवाडा होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार!

पूर्वी फ्यूजची तार वितळून घर राखीत असे. आता ते काम एमसीबी करते. तिच्या पोटात दोन पहारेकरी आहेत. दोन धातूंची जोडपट्टी जादा प्रवाहाने तापून सावकाश वाकते. तारेचे वेटोळे शॉर्टसर्किट होताच चुंबकाच्या बळाने तत्क्षणी खटका पाडते. तेव्हा वर करताक्षणीच खटका पडला, तर संशय शॉर्टसर्किटचा. थोड्या वेळाने पडला, तर बहुधा बोजा जास्त.

बोज्याचा हिशेब सोपा आहे. वॉटला २३०ने भागावे. गीझर २०००, शेगडी २०००, किटली १५००, इस्त्री १०००. एकूण ६५०० वॉट, म्हणजे सुमारे २८ अँपिअर. ही सारी मंडळी १६ अँपिअरच्या एकाच खटक्यावर असली, तर त्या बिचाऱ्याने काय करावे? उपकरणे पाळीपाळीने चालवावी, हाच उपाय.

'टी' अक्षराचे बटन असलेला खटका निराळा. तो आरसीसीबी. प्रवाह वाट सोडून जमिनीकडे गळू लागला, की तो पडतो. घरगुती वापरात ३० मिलिअँपिअरची गळती ही त्याची मर्यादा असते. गीझरचा जुना एलिमेंट किंवा दवाने भिजलेली दिव्यांची माळ असे निमित्त पुरते. हा खटका माणसाचा जीव राखतो. त्याला बगल देऊ नये. 'टी' दाबून तो पडतो ना, हे अधूनमधून पाहावे.

चोर पकडण्याची रीत अशी: कोरड्या हातांनी सर्व प्लग काढावे, खटका पुरता खाली करून वर न्यावा, आणि एकेक उपकरण लावीत जावे. ज्याच्या येण्याने खटका पडेल, तो गुन्हेगार. मात्र तो एकटा असतानाही पडतो का, हे पडताळावे. सारे काढूनही पडत असेल, तर दोष बहुधा भिंतीतल्या तारांत. तेथे वायरमनच हवा.

एक मोह मात्र टाळावा. १६च्या जागी ३२चा खटका बसवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! खटका गप्प राहील, पण भिंतीतली बारीक तार तापत राहील, आणि त्याची वर्दी घराला धुरानेच मिळेल.