पुठ्ठा, पोळी, वशिंड

सकाळी सात. प्लॅस्टिकचा कागद आणि ओली गोणपाटं बाजूला करून आधी मातीवर हात फिरवतो. कुठे सुकून भेगाळली असेल तर आत्ताच कळायला हवं. खिल्लार बैल आहे, खऱ्याच्या दीडपट. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्याला तारेनं लोंबकळत सोडलेल्या लाकडी फुल्या. पोटाची माती त्या फुल्याच धरून ठेवतात, नाहीतर रातोरात खाली येईल. पोरं माती मळायला बसतात.

साडेआठपासून मागचा पाय. सगळा बैल इथे उभा राहतो किंवा पडतो. मागे वळलेला जो सांधा लोक गुडघा समजतात, तो खरं तर घोटा. गुडघा वर, पोटाच्या रेषेपाशी. बैल चालतो तो दोन बोटांच्या टोकांवर, खूर म्हणजे त्याची नखं. एवढं ध्यानात नसेल तर पाय टेबलाचे होतात, आणि असे बैल चौकाचौकांत आहेत. आमचा पाऊल टाकतोय. ज्या पायावर भार आहे, त्या बाजूचं पुठ्ठ्याचं हाड वर आलंय, दुसरं किंचित उतरलंय. ओळंबा सोडून पाहतो, हाड अजून अंगठाभर चढायला हवं. माती थापतो, लाकडी फळीनं ठोकतो, शिडी उतरून लांब जातो, परत चढतो. अकरा वाजतात.

मग कंपासानं मापं. छोट्या नमुन्याची पाचपट करायची, म्हणजे तिथला दोन मिलिमीटरचा फरक इथे सेंटिमीटरचा होतो. कंटाळवाणं काम आहे, पण पोरांवर सोडत नाही.

जेवण. पंख्याखाली अर्धा तास आडवा.

तीनला आटपाडीकडचे एक मामा येतात. खरसुंडीच्या बाजारात उभी हयात गेलेली. तोंडाकडे बघतही नाहीत, थेट मागे जाऊन पुठ्ठा न्याहाळतात, मग पुढे येऊन गळ्याखाली बोट दाखवतात.

"सायेब, ह्यो खिल्लार न्हवं. पोळी लई लोंबलीया."

"सावली पडावी म्हणून ठेवलीय, मामा. लांबून गळा दिसायला हवा."

"सावलीसाठी दुसरा बैल घ्या की मग."

खिल्लाराची पोळी आटोपशीरच असते, त्यामुळे तारेच्या कोरणीनं चांगली घमेलंभर माती काढली. वशिंडही मोठं म्हणाले, तिथे मात्र ऐकलं नाही. चौथऱ्यावर चढवलेला बैल खालून बघायचा असतो. वरचं सगळं आखूड दिसतं, म्हणून डोकं आणि वशिंड थोडं वाढवूनच धरावं लागतं.

सहाला ट्यूबलाइट बंद, बाजूनं एकच हॅलोजन. बरगड्यांतले खळगे आता खरे दिसतात. दोन जास्त खोल आहेत, बुजवतो. पाण्याचा फवारा, गोणपाटं, कागद.

ओतारी येतो. बैल तुकड्यांत ओतून वेल्डिंगनं जोडायचा आहे. १९२८ साली करमरकरांनी पुण्याचा अश्वारूढ शिवाजी माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतला, हे तो दर वेळी सांगतो आणि पुढे तुकड्यांचाच हिशेब मांडतो. त्यात चूक काही नाही, सांधे लपले म्हणजे झालं. एक पोटाखाली, एक पोळीच्या मागे, अशा खडूनं रेघा मारून देतो.

"आणि शिंगं?"

"वेगळी ओत. चौकात नेऊन जोडू. नाहीतर ट्रक पुलाखाली अडकेल."