टायर घासतो कुठे? खाली बसवलेली गाडी, रुंद अलॉय आणि थोडं गणित

मागच्या रांगांमधले चेहरे पाहून वाटतंय की आजचा विषय बऱ्याच जणांच्या जिव्हाळ्याचा आहे. गाडी थोडी खाली बसवायची, कंपनीची चाकं काढून रुंद अलॉय घालायचे. हौस आहे, आम्ही तिला नावं ठेवणार नाही. आमच्या गॅरेजचा बराचसा खर्च याच हौसेवर चालतो. पण अशा गाड्या परत येतात तेव्हा दहातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते : टायर घासतोय.

एका गाडीची हकीकत सांगून सुरुवात करू. साधी हॅचबॅक. स्प्रिंग बदलून ४० मिलिमीटर खाली केलेली आणि ७ इंच रुंद अलॉय घातलेली. मालक महिनाभर एकटाच ऑफिसला जात-येत होता. आवाज नाही, काही नाही. मग तो घरच्या चौघांना घेऊन, डिकी सामानाने भरून कोल्हापूरला गेला. वाटेत मागून मधूनच ‘खर्र’ असा आवाज यायचा, पण गाणी चालू होती, दुर्लक्ष झालं. परतल्यावर आम्ही चाक काढलं. मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर सगळीकडून गोल चर पडली होती आणि एका जागी आतले धागे दिसत होते. लेकराबाळांना घेऊन तो माणूस हायवेवरून त्या टायरवर घरी आला होता.

त्याचं चुकलं काय? त्याने चाक घातल्यावर मडगार्डखाली बोटं घालून फट पाहिली होती. पण ती पाहिली उभ्या, रिकाम्या गाडीची. टायर घासतो तो गाडी भरलेली असताना, वळताना आणि खड्ड्यात आदळताना. म्हणून फट मोजायची ती त्या अवस्थेतली, आणि शक्यतो चाकं विकत घेण्याआधी. आज एवढंच सांगायचंय. बाकी सगळं ते कसं करायचं याबद्दल.

चाकावरचे दोन आकडे

अलॉयच्या आतल्या बाजूला आकडे कोरलेले असतात. समजा ‘१६ x ७ जे, ईटी ३५’ असं लिहिलंय. १६ हा व्यास इंचात, ७ ही रुंदी इंचात. दुकानात सगळी चर्चा या दोन आकड्यांवर होते. खरा घोळ करतो तो तिसरा, ईटी. ‘आइनप्रेसटीफ’ या जर्मन शब्दाचं हे लघुरूप. आपण त्याला ऑफसेट म्हणतो. चाकाच्या रुंदीची बरोबर मधली रेघ काढा. चाक हबला जिथे टेकतं ती जागा त्या मधल्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटर आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. आकडा जितका मोठा तितकं चाक आत जातं, आकडा लहान झाला की चाक बाहेर येतं. १ मिलिमीटर ऑफसेट कमी म्हणजे चाक १ मिलिमीटर बाहेर. सरळ हिशेब.

रुंदीचंही तसंच. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. रुंदी १ इंच वाढली की ऑफसेट तोच असताना चाक १२.७ मिलिमीटर आत आणि तेवढंच बाहेर वाढतं.

आता फळ्यावर बघा. धरून चाला की तुमच्या गाडीचं मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे. दुकानदार दाखवतो ७ इंच, ऑफसेट ३५. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे दोन्हीकडे १९-१९ मिलिमीटर. ऑफसेट १० ने कमी, म्हणजे सगळं चाक १० बाहेर सरकलं. हिशेब : आतल्या बाजूला १९ वजा १०, म्हणजे ९ मिलिमीटर. बाहेरच्या बाजूला १९ अधिक १०, म्हणजे तब्बल २९ मिलिमीटर!

त्याऐवजी साडेसहा इंच, ऑफसेट ४२ घेतलं तर? रुंदी १ इंच वाढली, दोन्हीकडे १२.७. ऑफसेट ३ ने कमी. आत साधारण १०, बाहेर साधारण १६. आतली फट जवळपास तेवढीच राहिली, आणि बाहेर १३ मिलिमीटर वाचले. अर्धा इंच हौस कमी केली आणि मडगार्ड वाचलं. तुमच्या गाडीचे खरे आकडे मूळ चाकावरच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

टायरचा हिशेब वेगळा

चाक म्हणजे टायर नव्हे. घासतो तो टायर. १८५/६५ आर १५ याचा अर्थ : रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १२०, आणि रिम १५ इंची. एकूण व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. १६ इंची चाकावर १९५/५५ घातला तरी व्यास ६२१ च्या आसपासच राहतो. व्यास राखला की स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि टायर उंचीने मडगार्डच्या जवळ जात नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तोच टायर अर्धा इंच जास्त रुंद रिमवर चढवला की तो स्वतः सुमारे ५ मिलिमीटर फुगतो. दुसरी, एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर सारखे नसतात. एकाचा खांदा गोल, दुसऱ्याचा चौकोनी. मित्राच्या गाडीला त्याच मापाचा टायर बसला म्हणून तुमच्याला बसेलच असं नाही.

गाडी खाली केल्याने नेमकं काय होतं?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. लोकांना वाटतं, गाडी ४० मिलिमीटर खाली आली म्हणजे चाक ४० मिलिमीटर जास्त वर जाणार. तसं नाही. चाक जास्तीत जास्त किती वर जाईल ते ठरवतं बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचं ते रबर. स्प्रिंग आखूड केली पण बंप स्टॉप आणि शॉकअप मूळचेच ठेवले, तर चाकाची सर्वात वरची जागा तीच राहते. फरक असा की पूर्वी तिथे पोहोचायला मोठा खड्डा लागायचा, आता साधा गतिरोधकही पुरतो.

यातून चांगली बातमी निघते. चाक बंप स्टॉपपर्यंत नेऊन, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून जर टायर कुठे लागत नसेल, तर गाडी किती खाली आहे याने फरक पडत नाही. वाईट बातमी अशी की काही जण ‘गाडी आपटते’ म्हणून बंप स्टॉपच कापतात. मग चाक पूर्वी कधी गेलं नव्हतं तिथे जातं. स्प्रिंग कापणं तर त्याहून वाईट. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की आपल्या खोबणीतून निसटू शकते. हे काम आमच्याकडे कोणी सांगितलं तर आम्ही सरळ नाही म्हणतो.

घासल्याच्या खुणा वाचा

टायर स्वतःच सांगतो कुठे लागतोय. बाहेरच्या खांद्यावर गोल चकचकीत रेघ असेल तर मडगार्डची आत दुमडलेली कडा. पुढच्या टायरच्या नक्षीच्या कडेला खुणा असतील आणि आतलं प्लास्टिक खरवडलं असेल, तर पूर्ण वळणावर लायनरला लागतोय. आतल्या भिंतीवर खूण असेल तर शॉकअप किंवा स्प्रिंगची वाटी. हा शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण बाहेरून दिसत नाही आणि भिंतीचं रबर पातळ असतं. तिथून ब्रेकचा पाईपही जवळच जातो, तो जरूर तपासा.

एक बारकावा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा शॉकअप थेट चाकाच्या नकलला बोल्टने जोडलेला असतो. चाक वर गेलं की शॉकअपचा खालचा भागही सोबत जातो. म्हणून त्या दोघांतली फट फारशी बदलत नाही. आम्ही तिथे ५ मिलिमीटर राहिले तरी चालवून घेतो. मडगार्ड मात्र बॉडीसोबत असतं. चाक त्याच्या दिशेने येत-जात राहतं, म्हणून तिथे जास्त जागा लागते.

मोजायचं कसं?

नीट पद्धत अशी : स्प्रिंग काढायची, शॉकअप बंप स्टॉपसह परत बसवायचा, आणि जॅकने चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचलायचं. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. रबर जोरात आदळल्यावर आणखी थोडं दबतं, तेवढी जागा जास्तीची सोडायची. पण दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा हात तोडण्याइतकी ताकद असते. घरी अंगणात हे करू नका, गॅरेजमध्येच करून घ्या.

घरी करायची सोपी चाचणी वेगळी. मुलांची खेळायची क्ले घ्या. तिचे छोटे गोळे मडगार्डच्या कडेला आणि लायनरला चिकटवा. मागे तीन जण बसवा, डिकीत सामान ठेवा. आता एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरकं मागचं चाक सावकाश उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग फिरवा. खाली उतरून गोळे बघा. जिथे क्ले दबली किंवा पुसली गेली, तिथे टायर येतोय. चाकं अजून घेतलेली नसतील तर मूळ चाकापासून आत आणि बाहेर किती जागा आहे ते आधी मोजा आणि फळ्यावरचा हिशेब त्यातून वजा करा. दहा मिनिटांचं काम आहे.

उपाय, आणि त्यांचा क्रम

पहिला उपाय योग्य ऑफसेट. दुसरा, एक माप अरुंद टायर, पण त्या रिमला चालणाऱ्या मापांतलाच. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची फॅशन आहे. आपल्या पावसाळी खड्ड्यांत असा टायर रिमवरून सुटू शकतो.

तिसरा, गाडी १०-१५ मिलिमीटर वर घेणे किंवा थोडी कडक स्प्रिंग. चौथा, कॅम्बर, म्हणजे चाकाचं डोकं जरा आत झुकवणं. ६२० मिलिमीटरच्या टायरला १ अंश दिला की त्याचं डोकं मध्यापेक्षा साधारण ५ मिलिमीटर आत जातं. जास्त दिला तर आतली कड लवकर झिजते. अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते. अनेक हॅचबॅकच्या मागच्या चाकांना कॅम्बर बदलायची सोयच नसते, हेही विचारून घ्या.

सर्वांत शेवटी मडगार्डची कडा आत दाबून घेणे. ते रोलरने, रंग हीट गनने गरम करून, हळूहळू करतात. घाई केली की रंग तडकतो, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज दिसतो. ग्राइंडरने कडा कापणं टाळा. आणि स्पेसर? स्पेसर चाक बाहेर ढकलतो. आत घासत असेल तर कामाचा, बाहेर घासत असेल तर आजार वाढवणारा.

कायद्याचं काय?

हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलामागे, ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आमचा सल्ला : तुमच्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला कंपनी जे चाक-टायरचं माप देते, तिथपासून सुरुवात करा. ते माप बसतं की नाही याची चाचणी कंपनीनेच केलेली असते. त्यापलीकडे जायचं असेल तर आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा.

त्या कोल्हापूरच्या गाडीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. मालकाने ७ इंची अलॉय विकले, साडेसहा इंची घेतले, गाडी १५ मिलिमीटर वर घेतली. मडगार्डला हातही लावावा लागला नाही. दोन टायर मात्र फेकावे लागले, आणि ते पैसे कोणी परत देत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा : गाडीचं चाक काढा, आतला आकडा वाचा, कागदावर लिहून ठेवा. उद्या दुकानदार चमकणारं अलॉय पुढे धरेल, तेव्हा त्याला रंग विचारण्याआधी ऑफसेट विचारा.

आता प्रश्न घेऊ.