लाल, तपकिरी की निळा? : कीबोर्डच्या बटणाखालचे पदार्थविज्ञान

दहावी-अकरावीच्या वर्गात संगणकाचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचाय. लाल घेऊ, तपकिरी घेऊ की निळा?" विचारणाऱ्याला बहुधा गेम खेळायचे असतात आणि घरी मात्र 'टायपिंगसाठी हवा' असे सांगायचे असते. प्रश्न रंगाचा वाटतो, पण खरा आहे स्प्रिंगचा. नववीत शिकवलेले बल, विस्थापन आणि कार्य एवढ्या भांडवलावर त्याचे बरेचसे उत्तर देता येते. म्हणून हा लेख.

आधी एक साधा प्रयोग करू. शाळेतल्या नेहमीच्या कीबोर्डवरचे एखादे बटण अगदी सावकाश दाबा आणि नजर पडद्यावर ठेवा. बटण सुरुवातीला अडते, मग एकदम 'बसते' आणि तळाला टेकण्याच्या सुमारास अक्षर उमटते. या बटणाखाली रबराची एक पालथी वाटी असते. वाटीखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विद्युतवाहक शाईच्या रेघा असतात आणि मधल्याला भोके असतात. वाटी दबून तिचे टोक वरच्या पापुद्र्याला रेटते, भोकातून दोन्ही रेघा एकमेकींना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. म्हणजे येथे बटण पुरते दाबल्याशिवाय अक्षर नाही.

हाच प्रयोग मेकॅनिकल कीबोर्डवर केला तर अक्षर मध्येच, अर्ध्या वाटेवर उमटते. पुढची वाट विद्युतदृष्ट्या निरुपयोगी असते. या दोन वागणुकींतला फरक नीट समजला की निवडीचा बराचसा गुंता सुटतो.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. आज सर्वत्र दिसणारी रचना चेरी या कंपनीच्या जर्मन शाखेने १९८३-८४ च्या सुमारास आणली. तिचे नाव 'एमएक्स'. एकस्वाची मुदत संपल्यावर इतर अनेक कारखाने तशाच घडणीचे स्विच बनवू लागले. रंगांची भाषाही त्यांनी बहुतांशी तीच ठेवली. तरी तो केवळ रिवाज आहे, कायदा नव्हे.

स्विच उघडला तर आत चार गोष्टी दिसतात : प्लॅस्टिकचे घर, त्यात वरखाली सरकणारा रंगीत दांडा, दांड्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूची लवचिक पट्टी. गंमत अशी की बटण दाबल्यामुळे पट्टी ढकलली जाते असे नाही. उलट बटण वर असताना दांड्याचे दोन पाय तिला दूर रेटून धरतात. दांडा खाली गेला की पाय बाजूला होतात आणि मोकळी झालेली पट्टी स्वतःच्या ताणाने समोरच्या संपर्काला जाऊन टेकते. त्यामुळे तुम्ही कितीही जोरात दाबले तरी संपर्कावरचा दाब तेवढाच राहतो. या पायांचा आकार कसा कापला आहे आणि स्प्रिंग किती कडक आहे, एवढ्यावरच लाल-निळ्याचा सारा भेद उभा आहे.

आता आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर बटणाची खोली (० ते ४ मिमी) आणि उभ्या अक्षावर बल मांडा. कारखाने बल सेंटीन्यूटनमध्ये देतात. १ सेंटीन्यूटन म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम वजनाचे बल, इतके लक्षात ठेवले की पुरे. लाल स्विचचे पाय सरळ उताराचे असतात. त्याचा आलेख हूकच्या नियमाप्रमाणे सरळ रेषेत चढतो : सुरुवातीला सुमारे ३०, २ मिमीवर (येथे अक्षर उमटते) ४५ आणि तळाशी ६० च्या आसपास. काळा स्विच तसाच, पण स्प्रिंग कडक. २ मिमीवर त्याला सुमारे ६० सेंटीन्यूटन लागतात. तपकिरीच्या पायांवर छोटा उंचवटा असतो. त्याच्या आलेखात २ मिमीच्या थोडे आधी ५५ च्या आसपास एक टेकडी येते आणि मग उतार लागतो. निळ्यात दांडा दोन तुकड्यांचा असतो. ठरावीक जागी त्यातला सैल तुकडा सुटून खाली आपटतो, 'टिक' असा आवाज होतो आणि आलेखात उभा कडा दिसतो. त्याचे शिखर सुमारे ६० आणि अक्षर उमटण्याची खोली २.२ मिमी. हे सारे आकडे अंदाजाचे समजावेत. कारखान्याच्या तक्त्यातही त्यांच्यापुढे कमी-अधिक चालण्याची भरपूर सूट दिलेली असते.

आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे कार्य, हे आपण शिकवतोच. लाल बटण तळापर्यंत दाबले तर सरासरी बल ४५ सेंटीन्यूटन आणि अंतर ४ मिमी. कार्य झाले १.८ मिलिज्यूल. काळ्याचे सरासरी बल ६० धरले तर २.४ मिलिज्यूल. दोन हजार अक्षरांचे एक पान टाइप केले तर लालवर ३.६ ज्यूल आणि काळ्यावर ४.८ ज्यूल. म्हणजे एक किलोचे वजन अनुक्रमे ३७ आणि ४९ सेंमी उचलण्याइतके काम. फार नाही, पण ते बोटांनी करायचे आहे आणि पाने पुष्कळ आहेत.

येथपर्यंत विद्यार्थी म्हणेल, "मग लाल हलका, लालच घ्यावा." पण जरा थांबू. अक्षर तर २ मिमीवरच उमटले होते. कोणी काळे बटण तेवढेच दाबून सोडू लागला तर त्याचे कार्य किती? सुरुवातीचे बल ४० धरले तर सरासरी ५०, अंतर २ मिमी, म्हणजे १ मिलिज्यूल. तळापर्यंत दाबलेल्या लालच्या जवळजवळ निम्मे! शिवाय बोट तळावर आदळल्यावर जो धक्का बसतो तो या हिशोबात धरलेलाच नाही. तात्पर्य, स्प्रिंग किती कडक आहे यापेक्षा आपण कोठे थांबतो याला अधिक महत्त्व आहे. आणि थांबायचे तर 'झाले काम' ही बातमी बोटाला वेळेवर मिळायला हवी. सरळ चढणाऱ्या रेषेत अशी बातमी कोठेच नसते. तपकिरीचा उंचवटा आणि निळ्याची टिक ही ती बातमी आहे. येथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की जलद टाइप करणारे बहुतेक लोक बातमी मिळूनही बटण तळापर्यंतच नेतात. अर्ध्यावर थांबणे ही सवय आहे, ती लावून घ्यावी लागते. स्विच तिला फक्त मदत करतो.

ही बातमी किती खरी, हा पुढचा प्रश्न. वर्गात एक प्लॅस्टिकची पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून हळूहळू दाबा. थोडा वेळ ती ताठ राहते, जोर वाढत जातो आणि एका क्षणी ती एकदम बाजूला वाकते. वाकल्यावर तिचा विरोध फारसा वाढत नाही. उभ्या खांबाच्या या वाकण्याचे गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडले. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पर्सनल संगणकाचा कीबोर्ड आणि नंतर १९८० च्या दशकाच्या मध्यात आलेला प्रसिद्ध 'मॉडेल एम' यांच्यात हेच तत्त्व वापरले होते. बटणाखालची उभी स्प्रिंग दाबता दाबता एकदम बाजूला वाकते आणि वाकतानाच पायाशी असलेली छोटी हातोडी उलटवते. आवाज, बोटाला जाणवणारी घसरण आणि अक्षराचे उमटणे या तिन्ही गोष्टी एकाच घटनेतून येतात. बातमी आणि घटना एकच! निळ्या स्विचमध्ये आवाज करणारा तुकडा वेगळा आणि संपर्काची पट्टी वेगळी. दोन्ही एकाच जागी यावेत अशी रचना असते आणि खाली जाताना ते बऱ्यापैकी जुळते. वर येताना मात्र जुळत नाही.

खेळणाऱ्यांचा खरा प्रश्न हा वर येतानाचा आहे. एकच बटण भराभर पुनःपुन्हा दाबायचे तर ते आधी 'सुटले' पाहिजे. लाल स्विच जवळजवळ ज्या खोलीवर लागतो तेथेच सुटतो. निळ्यातला सैल तुकडा परत जागेवर बसायला दांडा बराच वर यावा लागतो. चुंबकत्वात आपण शैथिल्य शिकवतो, जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी, तोच हा प्रकार. टायपिंगमध्ये एक अक्षर लागोपाठ क्वचितच येते, म्हणून तेथे हे खटकत नाही. खेळात खटकते. गेमसाठी सरळ चढाचे स्विच सुचवतात त्यामागचे हे सबळ कारण आहे.

जाहिरातीतले कारण निराळेच असते : वेग. काही स्विच २ ऐवजी १.२ मिमीवरच लागतात. वाचलेले अंतर ०.८ मिमी. बोट सेकंदाला २० सेंमी वेगाने जाते असे धरू, तर वाचलेला वेळ झाला ४ मिलिसेकंद. आता पडणारी पट्टी पकडण्याचा आपला जुना प्रयोग आठवा. पट्टी सुमारे २० सेंमी पडल्यावर पकडली जाते, म्हणजे प्रतिक्रियेला लागलेला वेळ साधारण २०० मिलिसेकंद. ४ मिलिसेकंद वाचले तर पट्टी ८ मिमी आधी पकडली जाईल. त्याच विद्यार्थ्याच्या लागोपाठच्या दोन प्रयत्नांत मात्र कित्येक सेंमीचा फरक पडतो! अव्वल स्पर्धकाला ८ मिमीही मोलाचे असतील. इतरांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत असे माझे मत आहे. उलट टायपिंग करणाऱ्याला असा स्विच त्रासदायक ठरतो. बोट नुसते टेकले तरी नको ते अक्षर उमटते.

सुटण्याच्या अडचणीवर अलीकडे वेगळाच उपाय निघाला आहे. दांड्यात छोटे चुंबक बसवायचे आणि खाली हॉल परिणामावर चालणारा संवेदक ठेवायचा. हा परिणाम एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधला आणि त्यावरचे कीबोर्ड हनीवेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीसच बनवले होते, त्यामुळे कल्पना नवी नाही. धातूला धातू टेकतच नाही. बटण किती खोल आहे हे सतत मोजले जाते आणि ते वर यायला लागताच 'सुटले' असे ठरवता येते. मग पुढचे पाऊलही पडले : दोन विरुद्ध दिशांची बटणे एकदम दाबलेली असतील तर शेवटचे खरे मानून पहिले कीबोर्डनेच सोडून द्यायचे. जे कौशल्य खेळाडूने कमवायचे ते यंत्र करू लागले. 'काउंटर-स्ट्राइक' बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या सर्व्हरवर त्याला मनाई केली. कॅल्क्युलेटर परीक्षेत चालावा की नाही, या आपल्या वादाची यात आठवण होते.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इनस्क्रिप्ट मांडणीत क साध्या बटणावर, पण ख शिफ्टसह आहे. तसेच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. अ, आ हे पूर्ण स्वरही शिफ्टसहच येतात. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या आरंभी किंवा नावाला लागते, आपल्याला ती ओळीत कितीतरी वेळा लागते आणि ती दाबते सर्वांत दुबळे बोट, करंगळी. शिफ्टसारख्या रुंद बटणाखाली ते तिरपे होऊ नये म्हणून तारही असते, तिचे घर्षण वेगळे. म्हणून दुकानात कीबोर्ड पाहताना केवळ मधली बटणे न दाबता करंगळीने शिफ्ट धरून 'भाषा', 'अभ्यास' असे शब्द टाइप करून पाहावेत. काळ्यासारखा कडक स्विच येथे लवकर नकोसा होतो.

मग विद्यार्थ्याला सांगायचे काय? दिवसभर लिहिणाऱ्याने तपकिरी घ्यावा. एकांतात लिहीत असेल तर निळाही चालेल. मात्र तीस निळे कीबोर्ड एका खोलीत वाजू लागले तर शिक्षकाचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणार नाही. मुख्यतः खेळणाऱ्याने लाल घ्यावा. दोन्ही करणाऱ्याने तपकिरी किंवा लाल, जो हाताला बरा वाटेल तो. दहा कोटी दाबांच्या आयुष्याची जाहिरात मनावर घेऊ नये. रोज पाच हजार वेळा दाबले जाणारे बटण त्या हिशोबाने ५४ वर्षे टिकेल, त्याआधी संगणकच बदलेल. आणि शाळेच्या प्रयोगशाळेला रबरी वाटीचा कीबोर्ड पुरेसा आहे, त्या पैशांत आणखी एखादा संगणक दुरुस्त होईल.

सुटे स्विच एकेक विकत मिळतात. दोन-चार आणले तर प्रयोगशाळेत हा आलेख प्रत्यक्ष काढता येतो. स्विचवर छोटा प्लॅस्टिकचा पेला चिकटवून त्यात थोडी थोडी वाळू टाकायची आणि दांडा किती खाली गेला ते पाहायचे. (नाण्यांची चळतही चालेल, पण पाच रुपयांची वेगवेगळ्या वर्षांची नाणी सारख्या वजनाची नसतात, आधी तोलून घ्या.) लालची सरळ रेषा छान मिळते. तपकिरीला मात्र एक अडचण येते. वाळूचे वजन उंचवट्याच्या शिखराइतके झाले की दांडा एकदम खाली घसरतो आणि उताराचा भाग हातातून निसटतो. कारण येथे आपण बल ठरवतो आहोत आणि खोली आपोआप ठरते आहे. उतार पाहायचा तर उलट करावे लागेल. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर स्विच ठेवा आणि वर पक्क्या चौकटीत बसवलेला ६ मिमीचा नेहमीच्या आट्यांचा बोल्ट फिरवत तो दाबा. या बोल्टचा एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी. पाव फेऱ्याला एक नोंद घेतली तर सोळा नोंदींत टेकडीही येईल आणि तिचा उतारही. मग तोच बोल्ट उलटा फिरवून परतीच्या नोंदी घ्या आणि निळ्याचे दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.